सहा शिलिंगांसाठी फुटलेला खेळ : खाणकामगारांच्या गावांतील रग्बी क्लब

खेळ हा खेळासाठी खेळावा, पैशासाठी खेळू नये, असे उपदेश करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. वाक्य कानाला गोड लागते. पण जो खेळाडू एक दिवस काम सोडून मैदानावर उतरतो त्याच्या घरची चूल त्या दिवशी कोणाच्या पैशावर पेटायची, हा प्रश्न हे उपदेशक स्वतःला कधी विचारीत नाहीत. आम्ही आज रग्बी या खेळाविषयी लिहीत आहोत. त्यातही इंग्लंड आणि वेल्समधील गिरण्यांच्या व कोळसाखाणींच्या लहान लहान गावांतील रग्बी क्लबांविषयी. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हा खेळ मैदानावर पाहिला असेल. तरीही या गावांची हकीगत आपल्या घरातील मुलामुलींना मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. कारण जगातील एकाहून एक सरस व्यावसायिक खेळाडू या गावांनी घडविले, आणि त्या खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा मोबदला देणे हे पाप आहे असे मानणाऱ्यांशी या गावांना शंभर वर्षे झगडावे लागले.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रग्बीचा चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात धरून पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा; याला 'ट्राय' म्हणतात. चेंडू साथीदाराकडे हाताने फेकायचा तर तो मागेच फेकावा लागतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर घेऊन खाली पाडायचे. आपल्याकडील कबड्डीत पकड करणाऱ्या मुलाला हे कसब चटकन समजेल. ताकद, दम आणि मार सोसण्याची तयारी या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्या तिन्ही ज्या घरात रोज कामाला येतात ते घर मजुराचेच असते.

साहेबांचा नियम, मजुरांचा संघ

रग्बी हे मुळात इंग्लंडमधील एका श्रीमंत मुलांच्या शाळेचे नाव. तिच्यावरूनच खेळाला नाव मिळाले. १८७१ साली लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली तेव्हा तिचे पुढारी अशाच शाळांतून शिकलेले, वकिली-व्यापार करणारे गृहस्थ होते. पण खेळ कोणाच्या कुंपणात राहात नाही. शनिवारी अर्धा दिवस सुटी मिळू लागल्यावर उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर व लँकेशायर परगण्यांत गिरणीच्या, चर्चच्या आणि गल्लीच्या नावाने क्लब निघाले. विगनला कोळसा होता, ओल्डहॅमला सूत होते, विड्नेसला रसायनांचे कारखाने होते. बॅटली गावचा धंदा तर चिंध्यांचा! जुन्या लोकरी चिंध्या गोळा करून, फाडून, पुन्हा कातून त्यांचे कापड करायचे. पुढे १८९७ साली चॅलेंज कप ही स्पर्धा सुरू झाली आणि तिचा पहिलाच चषक या चिंध्यांच्या गावाने सेंट हेलेन्सला १० विरुद्ध ३ गुणांनी हरवून नेला.

उत्तरेतील संघ इतके बळकट झाले की १८८९ ते १८९६ या आठ वर्षांत परगण्यांच्या स्पर्धेचे विजेतेपद सात वेळा एकट्या यॉर्कशायरने घेतले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातही गिरणी व खाण कामगार दिसू लागले. आणि येथेच अडचण उभी राहिली. सामना शनिवारी. गाव दूर असले तर सकाळचीच गाडी धरावी लागे. वकिलाने कचेरी बंद ठेवली तर त्याचे काही बिघडत नसे. कामगाराने पाळी चुकविली की मजुरी कापली जाई. मोडलेल्या वेळेची ही भरपाई क्लबने खेळाडूला द्यावी, दिवसाला सहा शिलिंग द्यावेत, एवढीच उत्तरेची मागणी होती. कोणी बंगला मागितला नव्हता, बिदागी मागितली नव्हती. बुडालेली मजुरी तेवढी मागितली होती.

सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनला युनियनची सभा भरली. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी भरपाईचा ठराव मांडला आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळण्यात आला. ज्याला परवडत नाही त्याने खेळूच नये, असा विरोधकांचा एकंदर सूर होता. मजूर वरचढ ठरू लागले तेव्हाच साहेबांना खेळाच्या पावित्र्याची आठवण व्हावी, याचे आम्हाला तरी नवल वाटत नाही. स्पर्धेत मागे पडू लागलेला माणूस नियमाच्या आडोशाला जातो, हे आपण आपल्या इतिहासात पुरेपूर पाहिलेले आहे.

अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांची बैठक झाली, आणि बावीस क्लबांनी युनियनला रामराम ठोकून आपली स्वतंत्र नॉर्दर्न युनियन स्थापली. तिलाच पुढे १९२२ पासून रग्बी लीग म्हणू लागले. पुढे खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरा करण्यात आली, नियम बदलले, खेळ वेगवान झाला. १८९८ मध्ये खेळाडूला उघड मोबदला देण्यास मुभा मिळाली, पण एक अट घातली होती : त्याने दुसरी प्रामाणिक नोकरी केलीच पाहिजे. दारूच्या गुत्त्यात वाढप्याचे काम किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मांडण्याचे काम ही नोकरी म्हणून चालत नसे! अट जाचक होती खरी. परंतु आमच्या वाचकांतील माता-भगिनींना तिच्यातील गुत्त्याविषयीचे कलम पसंत पडेल असे वाटते.

तिकडे जुन्या युनियनने सूड उगवला. जो लीग खेळेल, मग त्याने एक पैही घेतलेली नसो, त्याला युनियनचा दरवाजा जन्मभर बंद. सोवळे असे पाळले की विचारू नका. आणि या सोवळ्याचे फळ? १८९२ नंतर इंग्लंडच्या युनियन संघाला आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले ते थेट १९१० साली!

शिट्टी वाजवा, खेळाडू वर येतो?

या सर्व गावांत आम्हाला सर्वांत जवळचे वाटते ते यॉर्कशायरमधील फेदरस्टोन. वस्ती सुमारे पंधरा हजार. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बाजाराच्या गावाएवढी. लंडनच्या सभेत ठराव फेटाळला गेला त्याच महिन्यात, ७ सप्टेंबर १८९३ रोजी, या गावच्या ॲक्टन हॉल खाणीपाशी सैन्याने खाणकामगारांवर गोळीबार केला. मालकांना मजुरी पंचवीस टक्के कापायची होती, कामगार ऐकत नव्हते, म्हणून खाणींना टाळे ठोकलेले होते. दोन तरुण ठार झाले. एकाच महिन्यात खाणीवर गोळी आणि खेळात सहा शिलिंगांना नकार. दोन्हींकडे प्रश्न मजुरीचाच होता.

अशा गावात १९०२ साली फेदरस्टोन रोव्हर्स हा क्लब उभा राहिला आणि १९२१ मध्ये वरिष्ठ संघांत दाखल झाला. मोठ्या शहरांच्या क्लबांपुढे याची ऐपत काय? तरीही १९६७, १९७३ आणि १९८३ अशा तीन वेळा या गावाने वेम्बलीच्या भव्य मैदानावर चॅलेंज कप जिंकला. १९७७ मध्ये लीगचे अजिंक्यपदही मिळविले. १९८३ चा अंतिम सामना तर जुन्या माणसांना अजून पाठ असेल. समोर हल शहराचा बलाढ्य संघ होता, फेदरस्टोन जिंकेल असे कोणी धरले नव्हते, आणि निकाल लागला १४ विरुद्ध १२!

या भागाविषयी एक म्हण प्रसिद्ध आहे. क्लबला दांडगा खेळाडू हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी जाऊन शिट्टी वाजवावी, एक धिप्पाड गडी आपोआप वर येतो. वेल्सच्या खोऱ्यांतही हीच म्हण ऐकू येते. म्हण गमतीची आहे, पण आम्हाला ती अर्धीच खरी वाटते. खाणीने अंगात बळ दिले असेल. मैदान, चेंडू, बूट, शिकविणारा आणि वेळ या गोष्टी खाणीतून वर येत नाहीत. त्या कोणीतरी उभ्या कराव्या लागतात. ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्याने खाणकामगार कल्याण निधी सुरू झाला. काढलेल्या कोळशाच्या दर टनामागे मालकाने एक पेनी द्यायची. या पेनी-पेनीतून खाणगावांना क्रीडांगणे मिळाली, सभागृहे मिळाली, न्हाणीघरे मिळाली. कामगार संघटनांनी भांडून घेतलेल्या हक्काचे ते गवत होते! त्याच गवतावर मुले चेंडूमागे धावली. मास्तरांनी शनिवारची सकाळ फुकट दिली. चिखलाने माखलेल्या पंधरा-पंधरा बंड्या बायकांनी धुतल्या आणि सामन्यानंतर दोन्ही संघांना चहा-जेवण दिले. सोडतीची तिकिटे विकून बसभाडे जमविले. लोकवर्गणीतून विहार आणि व्यायामशाळा उभारणाऱ्या आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

असा खेळाडू घरातून घरात कसा जातो, याचा एक दाखला देतो. १९७३ चा चषक जिंकणाऱ्या फेदरस्टोन संघाचा कर्णधार जॉन न्यूलव्ह. त्याचा मुलगा पॉल याच क्लबमध्ये नावारूपाला आला. १९९३ मध्ये ब्रॅडफर्डने त्याला नेले आणि १९९५ मध्ये सेंट हेलेन्सने ब्रॅडफर्डकडून घेतले ते रोख अडीच लाख पौंड अधिक तीन खेळाडू मोजून! त्या खेळातील तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच १९९५ मध्ये फेदरस्टोनकडून खेळणारा इकराम बट हा पाकिस्तानी कुटुंबातील तरुण इंग्लंडच्या लीग संघात आला. असा मान मिळालेला तो पहिला मुस्लिम खेळाडू. लहान क्लबने माणूस पारखताना आडनाव पाहिले नाही, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

मात्र याच गावाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९८४-८५ चा खाणकामगारांचा मोठा संप फसला आणि संपानंतर लगेच, १९८५ मध्येच, ॲक्टन हॉल खाण बंद झाली. जेथे १८९३ मध्ये गोळ्या चालल्या तीच ही खाण. १९९५ मध्ये दूरदर्शनच्या कंपनीकडून पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड मिळणार म्हणून सुपर लीग काढण्याचे ठरले. फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड हे शेजारचे तीन क्लब मोडून एकच नवा क्लब करावा, असा घाट घातला गेला. गावे खवळून उठली. आमचा क्लब म्हणजे दुकान नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. एकीकरण बारगळले, पण फेदरस्टोनला सुपर लीगमध्ये जागा मिळाली नाही. १९९८ मध्ये वर चढण्याच्या निर्णायक सामन्यात वेकफील्डने अवघ्या दोन गुणांनी हरविले. १९९६ ते २०२५ या तीस हंगामांत या गावाला ती पायरी एकदाही चढता आली नाही. त्यांनी घडविलेली मुले मात्र त्या लीगमध्ये खेळत राहिली.

गोलखांबावर पातेले

आता वेल्सकडे वळू. येथे गोष्ट थोडी निराळी आहे. वेल्समध्येही खेळाडू खाणीतले आणि कारखान्यांतलेच, पण तेथील क्लब जुन्या युनियनमध्येच राहिले. उघड पैसा नाही. नोकरी लावून देणे, बुटात गुपचूप नोट सरकवणे असे प्रकार चालत. लानेली हे पत्र्याच्या कारखान्यांचे गाव. तेथे कथलाचा मुलामा दिलेला पत्रा होई आणि त्याची पातेली बनत. म्हणून गावच्या मैदानावर गोलखांबांच्या टोकांना लाल पातेली बसविलेली असत! स्वयंपाकघरातील भांड्याला एवढा मान दुसऱ्या कोणत्या खेळात मिळाला असेल? याच लानेलीने ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूझीलंडच्या जगप्रसिद्ध संघाला ९ विरुद्ध ३ असे हरविले. शिकविणारे होते कार्विन जेम्स, खाणगावात वाढलेले शिक्षक.

जेम्स ज्या केव्हनाइथिन गावचे, त्याच गावचा बॅरी जॉन. हे दोघेही ग्वेन्ड्राइथ खोऱ्यातील एकाच शाळेचे विद्यार्थी. पुढे गॅरेथ डेव्हिस आणि जोनाथन डेव्हिस हेही त्याच शाळेतून आले. खेळाची सूत्रे हलविणाऱ्या फ्लाय-हाफ या एकाच जागेसाठी एका खोऱ्यातल्या एका शाळेने इतकी माणसे द्यावीत! या खोऱ्यात डोंगराखाली फ्लाय-हाफचा कारखाना आहे, असे गमतीचे गाणेच एका वेल्श गायकाने केले होते.

पण हा कारखाना कोणासाठी चालला होता? जोनाथन डेव्हिस ट्रिमसारन या लहानशा गावचा. चौदाव्या वर्षी वडील वारले. पोटासाठी तो घरे रंगविण्याचे काम करी. वेल्सचा कर्णधार झाला तरी खेळातून राजरोस एक पौंड घेण्याची सोय नव्हती. १९८९ च्या जानेवारीत तो उत्तरेला विड्नेसच्या लीग क्लबकडे गेला. त्याच्या आधीही अनेक जण गेले होते : जिम सलिव्हन १९२१ मध्ये, लुईस जोन्स १९५२ मध्ये, डेव्हिड वॉटकिन्स १९६७ मध्ये. 'उत्तरेला गेला' हा वेल्समध्ये वाक्प्रचारच झाला. घर सुटायचे, भाषा सुटायची, आणि स्वतःच्या गावच्या युनियन क्लबला तो माणूस परका व्हायचा. उत्तरेचे दलाल खेळाडू हेरायला येत तेव्हा गावकरी त्यांना हुसकून लावीत, असे किस्से आहेत. आम्हाला त्या गावकऱ्यांचा राग समजतो. पण ज्या आईच्या घरात चार तोंडे खाणारी आहेत तिने काय करावे?

कार्डिफची तीन मुले

अशाच एका आईची गोष्ट सांगतो. कार्डिफ बंदरातील टायगर बे ही खलाशांची वस्ती. आफ्रिका, अरबस्तान, वेस्ट इंडीज, सोमालिया अशा नाना देशांचे लोक तेथे राहात. शहरातील प्रतिष्ठित या वस्तीचे नाव नाक मुरडूनच घेत. बिली बॉस्टन तेथे १९३४ साली जन्मला. बाप सिएरा लिओनचा, आई आयरिश वंशाची, अकरा भावंडे. कार्डिफकडून आणि वेल्सकडून खेळावे हे मुलाचे स्वप्न. गल्लीच्या क्लबात तो खेळला, नीथकडून खेळला, सैन्यातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सहा ट्राय केल्या. तरीही ज्या कार्डिफ क्लबचे मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, त्याचे बोलावणे कधी आले नाही. कातडीचा रंग हेच त्याचे कारण, असे त्याच्या पिढीतील खेळाडू सांगत.

१९५३ मध्ये विगनच्या संचालकांनी घरी येऊन टेबलावर एक हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. बिलीला जायचे नव्हते. त्याने आईला सांगितले, यांना वाटेला लाव. आईने शक्कल काढली; तीन हजार द्याल तर आत्ता सही करील, असे ती म्हणाली. एवढी रक्कम ऐकून पाहुणे उठून जातील असा तिचा हिशोब! पाहुणे लगेच कबूल झाले. आईचा शब्द गेला होता. मुलाने सही केली. हा प्रसंग बॉस्टननेच पुढे सांगितला आहे. विगनमध्ये त्याला राखीव संघातून खेळताना पाहण्यासाठी आठ हजारांवर माणसे लोटली. विगनकडून ४८८ सामन्यांत त्याने ४७८ ट्राय केल्या. खाणगावाने त्याला डोक्यावर घेतले.

दुसरा क्लाइव्ह सलिव्हन. लहानपणी पायांच्या इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की नीट चालता तरी येईल की नाही याची शंका होती. हल शहराच्या दोन्ही क्लबांकडून त्याने शेकड्यांनी ट्राय केल्या. १९७२ मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. त्या देशाच्या कोणत्याही खेळातील राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णी कर्णधार. त्याच वर्षी फ्रान्समधील लियाँ येथे ऑस्ट्रेलियाशी १०-१० अशी बरोबरी साधून, आधीच्या सामन्यांतील सरस कामगिरीवर, त्याच्या संघाने विश्वचषक घेतला. १९८५ मध्ये कर्करोगाने तो गेला तेव्हा अवघा ४२ वर्षांचा होता. हलमध्ये शिरणाऱ्या हमरस्त्याला आज त्याचे नाव आहे.

तिसरा गस रिझमन, लॅटव्हियातून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा. वयाच्या ४१ व्या वर्षी, १९५२ मध्ये, वर्किंग्टन या आडबाजूच्या लहान गावाचा कर्णधार म्हणून वेम्बलीवर त्याने चषक उचलला. योगायोग असा की त्या दिवशी हरलेला संघ आपला फेदरस्टोन होता.

लीगमध्ये सारे आलबेल होते असेही कोणी समजू नये. ब्रिनमॉर या वेल्श खाणगावात वाढलेला रॉय फ्रान्सिस उत्तम खेळाडू असूनही १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून वगळला गेला. त्या देशातील वर्णभेदी धोरण हे त्याचे कारण असल्याचे मानले जाते. १९५७ मध्ये ब्रिटनचा संघ परतताना दक्षिण आफ्रिकेत सामने खेळायला थांबला, तेव्हा तेथील वर्णद्वेषी राजवटीमुळे बॉस्टनला संघाबरोबर जाता आले नाही. पण हाच फ्रान्सिस पुढे हल आणि लीड्स या संघांचा प्रशिक्षक झाला, आणि १९६८ मध्ये लीड्सने त्याच्या हाताखाली चषक जिंकला. युनियनच्या वेल्स संघात काळा खेळाडू दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

हे वाचताना आमच्या वाचकांना पालवणकर बाळू आठवले नसतील तरच नवल. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर राबणारा चर्मकाराचा मुलगा १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतो. आणि हिंदू संघात त्याच्यासाठी चहाचा पेला वेगळा, कर्णधारपद तर नाहीच! ते पद पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो इतिहास निराळा.) गोलंदाजी हवी, गोलंदाज नको, ही तऱ्हा एकट्या आपल्या देशाची नव्हती, एवढेच येथे नमूद करतो.

शंभर वर्षांनंतर

१८९५ च्या ऑगस्टमध्ये सहा शिलिंगांवरून खेळ फुटला. बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ च्या ऑगस्टमध्ये, आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने पॅरिसला बैठक घेऊन जाहीर केले की यापुढे युनियन खेळणाऱ्यांनाही पैसे घेता येतील. जन्माची बंदी उठली. जोनाथन डेव्हिस त्याच वर्षी कार्डिफला परत आला. आता वाट दोन्हीकडून खुली झाली. विगनचा अँडी फॅरेल हा ऑरेल सेंट जेम्स या मोहल्ल्याच्या क्लबात घडला, सोळाव्या वर्षी विगनच्या मुख्य संघात आला, एकविसाव्या वर्षी ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. २००५ मध्ये तो लीग सोडून युनियनकडे गेला आणि २०२५ मध्ये ब्रिटिश-आयरिश संघाचा प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून आला. त्याचा मुलगा ओवेन इंग्लंडच्या युनियन संघाकडून सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू ठरला. आजोबांच्या काळी ही ये-जा गुन्हा होती!

पैसा आल्यावर लहान गावांचे भले झाले काय? सरसकट 'होय' म्हणता येत नाही. वेल्समध्ये २००३ साली व्यावसायिक क्लब मोडून पाच विभागीय संघ केले. त्यातला पाँटिप्रिद आणि ब्रिजेंड या खोऱ्यांचा संघ एका वर्षातच गुंडाळण्यात आला. जागतिक सामन्यांत हजार गुणांचा टप्पा प्रथम गाठणारा नील जेन्किन्स पाँटिप्रिदचाच. घरच्या भंगाराच्या धंद्यात काम करीत तो वर आला होता. अशा मुलाला आज घराजवळ व्यावसायिक संघ नाही. सहा-सात वर्षांचे पोर गावच्या क्लबात येते, पालक त्याला थंडीवाऱ्यात ने-आण करतात, चौदा-पंधराव्या वर्षी मोठ्या क्लबचे लोक त्याला हेरून आपल्या प्रबोधिनीत नेतात. त्यातील बहुतेक मुले अठरा-एकोणिसाव्या वर्षी परत पाठविली जातात. गावचा क्लब त्यांना पुन्हा पोटाशी धरतो. मोठ्या क्लबला मिळतो तो नफा. परत आलेल्या पोराचे मन सांभाळणे हे गावाच्या वाट्याला.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा खेळ डोक्याला मार देणारा आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील स्टीव्ह थॉम्पसनने २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे जाहीर केले. जिंकलेला तो अंतिम सामनाच त्याला आठवत नाही. त्याच्यासारख्या अनेक जुन्या खेळाडूंनी खेळाच्या मंडळांवर दावे लावले आहेत. खाणीत फुप्फुसे जात, येथे मेंदू जातो. मजुरीबरोबर इलाजाचीही हमी मागितली पाहिजे, असे आमचे मत आहे. आपल्याकडील कबड्डी-कुस्तीच्या मंडळांनीही मुलाला सामन्याला नेताना भाड्याचे, खुराकाचे आणि बुडालेल्या खाड्याचे काय, दुखापत झाली तर दवाखान्याचे काय, हे आधी ठरवावे. विचारायला लाजू नये. हडर्सफील्डच्या त्या बैठकीतले लोक लाजले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

बहिणींसाठीही एक बातमी. लीगच्या महिलांच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना २०२३ मध्ये प्रथमच वेम्बलीवर खेळविण्यात आला. पुरुषांनी तेथे पहिला सामना खेळला होता १९२९ साली.

त्याच २०२३ च्या जुलैत कार्डिफ बंदरात, जुन्या टायगर बेच्या गल्ल्यांजवळ, बॉस्टन, सलिव्हन आणि रिझमन या तिघांचा एकत्र पुतळा उभारण्यात आला. ज्या शहराने त्यांना खेळू दिले नाही त्याच शहरात. रग्बी लीगच्या कोणाही खेळाडूला तोपर्यंत 'सर' हा किताब मिळालेला नव्हता. युनियनच्या मंडळींना तो पूर्वीच मिळत आलेला होता. जून २०२५ मध्ये तो प्रथमच एका लीग खेळाडूला देण्यात आला. तो खेळाडू बिली बॉस्टन. वय वर्षे नव्वद.